दोन फुलपात्रं पाणी

निमोणे, शनिवार, १० एप्रिल १९९९

ह्यांना दूध डेअरीकडून दर वर्षी डायरी मिळते आणि ती खुंटीवरच्या पिशवीत कोरीच म्हातारी होते. यंदाची मी घेतली. सातवी पास आहे मी, पण लिहिता येतं हे वाण्याच्या यादीपलीकडं अजून कुणाला दिसलं नव्हतं.

सायली, माझी एकुलती एक लेक, परवा शिरूरच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. सुटका नीट झाली, काल घरी आणलं. जावईबापू ज्ञानदेव दौंडला रेल्वेत पॉइंट्समन आहेत. पोरीचं तोंड बघून ते ड्युटीवर परत गेले.

गावात बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालायला मीच जाते. वीस वर्षांत पन्नासेक बाळंतिणी ह्या हातांखालून गेल्या असतील. आता माझ्याच लेकीची पाळी. सव्वा महिना कसा काढायचा ते लिहून ठेवणार आहे, म्हणजे उद्या सायलीला तिच्या लेकीचं करताना कुणाच्या तोंडाकडं बघायला नको.

तर खिडकी बंद. बाजेखाली शेगडी दोन वेळा, वर ओव्या-शेपांची धुरी. कान फडक्यानं बांधलेले. बाजरीची भाकरी, मेथी, तूप, दुपारी डिंकाचा लाडू. पाणी सकाळी एक फुलपात्र, संध्याकाळी एक, ओवा घालून उकळलेलं. कच्ची बाळंतीण जास्त पाणी प्यायली की पोट सुटतं आणि बाळाला सर्दी धरते. माझी सासू मला एकच द्यायची. मी दोन देते, लेक आहे म्हणून.

सोमवार, १२ एप्रिल

पाचवी झाली. पाटा-वरवंटा पुजला, सटवाईपुढं कोरा कागद आणि पेन ठेवलं. तिनं पोरीच्या कपाळी चांगलं लिहावं.

सरकारी नर्सबाई येऊन गेल्या. सायलीच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून म्हणाल्या, "अंगात रक्त नाही हिच्या. लाल गोळ्या घेतल्या होत्या ना?" मी हो म्हटलं. लाल गोळ्यांनी पोर काळं निपजतं, म्हणून सातव्या महिन्यातच मी त्या उकिरड्यावर टाकल्या होत्या. पोर गोरीपान आहे, ज्याला बघायचं त्यानं येऊन बघावं. रक्ताचं काय, तुपानं येईल.

जाताना म्हणाल्या, पाणी भरपूर पाजा. त्यांचं वय काय, माझं काय. मी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

बुधवार, १४ एप्रिल

उन्हानं पत्रा तापतो. सायलीचं डोकं दुखतंय कालपासून. म्हणते, "आई, आडवं झालं की जास्तच ठणकतंय. सकाळी तर डोळं उघडवत न्हाईत."

वारं लागलं असणार. काल धुणं आत आणताना शेजारच्या खातूननं दार सताड उघडं टाकलं होतं. कानाचं फडकं आणखी घट्ट केलं, कपाळाला सुंठ उगाळून लावली.

शुक्रवार, १६ एप्रिल

आज मला राग आवरला नाही.

बाळाला न्हाऊ घालायला कळशी भरून आत ठेवली होती. मी साबण आणायला बाहेर गेले आणि परत येऊन बघते तर ही बाजेवरून वाकून ओंजळीनं कळशीतलं पाणी पितेय. थंड, न उकळलेलं. मी ओरडले. ती म्हणाली, "घशाला कोरड पडलीया गं. जीभ टाळूला चिकटतीया. घोटभर दे की." मी म्हटलं, "दोन दिवस कळ काढ, जन्माचं सुख आहे."

डोकं दुखायचं का थांबत नाही ते आता कळलं. चोरून पाणी पितेय, दुसरं काय. आजपासून कळशी आत ठेवायची नाही. संध्याकाळचं फुलपात्र आज दिलं नाही.

ती भिंतीकडं तोंड करून रडली. मला वाईट वाटलं, पण बाळंतपण म्हणजे काही माहेरचा लाड नव्हे. मऊ पडून चालत नाही.

रविवार, १८ एप्रिल

सकाळपासून दोनदा उलटी. लाडू बाधला असेल.

संध्याकाळी दिवा लावला तर म्हणते, "आई, दोन दिवं कशाला लावलंस?" एकच होता. आम्ही दोघी हसलो. नंतर तिनं एका डोळ्यावर हात धरून दिव्याकडं बघितलं आणि हसायची थांबली.

सोमवार, १९ एप्रिल

बारसं पार पडलं. पोरीचं नाव रेवती.

जावईबापू दौंडहून आले होते. खातून तिच्या सुनेला, आसियाला, घेऊन आली होती. आसियाला सातवा चालू आहे, दुसरी खेप, इथंच होणार आहे. तिचं न्हाऊ-माखूही खातूननं मला आधीच सांगून ठेवलंय.

पाळण्यात घालताना सायलीच्या उजव्या हातातून बाळाचं डोकं निसटलं. खातूननं वरच्या वर धरलं. सगळ्या बायकांत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सायली म्हणाली, "हात माझा न्हाईच असं वाटतंय. जड झालाय." म्हटलं, बारा दिवस बाजेवर पडून अंग आखडलंय. उद्या तेल जिरवीन.

पुणे, बुधवार, २१ एप्रिल

कालचं आज लिहितेय, दवाखान्याच्या जिन्यात बसून.

काल सकाळी मी तेल कोमट करत होते आणि आतून बाज खडखडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर सायलीचा उजवा हात आपला आपणच नाचत होता. मग पाय, मग सगळं अंग. डोळे पांढरे, दातखीळ, तोंडाला फेस. थांबलं तेव्हा ती ओळखेना. बोलायला बघत होती, पण शब्द निघत नव्हता.

माणसं जमली. पलीकडच्या अनसाबाई लिंबू घेऊन आल्या. सत्तरीच्या आहेत, त्यांचा शब्द गल्लीत मोडत नाहीत. म्हणाल्या, "धुरपदे, लागीर झालंय पोरीला. माझ्या नकुशीवानीच. भगताला बोलीव."

नकुशी म्हणजे त्यांची सून. बारा वर्षं झाली. अकराव्या दिवशी तिला अशीच फिट आली होती. भगत तीन दिवस अंगारा लावत होता आणि चौथ्या दिवशी आम्ही तिला उचलली. तिचं न्हाऊ-माखू मीच केलं होतं. ते सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

मी म्हटलं, "अनसाबाई, तुमच्या सुनेला भगत केला, ती ऱ्हायली न्हाई. माझ्या पोरीला मी दवाखाना करणार."

त्या म्हणाल्या, "ओली बाळंतीण येशीबाहेर काढतीस? पाप लागंल."

"लागू दे. माझ्या नावावर घाला."

खातूनचा मालक लालमहंमद, त्यांची जीप शिरूर-न्हावरे अशी फिरते. काल त्यांनी बसलेली सगळी शिटं खाली उतरवली. एक शब्द विचारला नाही, फक्त म्हणाले, "भाभी, तिचं डोकं मांडीवर घ्या, मान एका कुशीला ऱ्हाऊ द्या." शिरूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, इथं एक मिनिट घालवू नका, पुण्याला न्या. वाटेत दुसरी फिट आली. रेवती सगळी वाट खातूनच्या पदराखाली झोपून होती.

रात्री डोक्याचा फोटो काढला. अजून काही सांगितलेलं नाही.

गुरुवार, २२ एप्रिल

मेंदूच्या डॉक्टरीणबाई आल्या. वयानं सायलीपेक्षा थोड्या मोठ्या असतील, पण बोलणं मुद्द्याचं. मला खुर्ची दिली आणि विचारत गेल्या. डोकं कधीपासून दुखतं? झोपल्यावर वाढायचं का? उलट्या? एकाचे दोन दिसले का? हातापायातली शक्ती कधी गेली? ताप होता? पाळी पुढं ढकलायच्या किंवा मूल न होण्याच्या गोळ्या कधी घेतल्या? घरात कुणाच्या रक्तात गाठी झाल्या होत्या का? मी सगळं तारखेनिशी सांगितलं. त्यांना नवल वाटलं, एवढं कसं ध्यानात राहतं. म्हटलं, मी लिहून ठेवते.

मग विचारलं, "रोज पाणी किती पीत होती?"

मी ताठ बसून सांगितलं, "दोन फुलपात्रं. वर एक थेंब नाही. मी स्वतः मोजून दिलंय."

त्यांचं पेन थांबलं. विचारलं, फुलपात्र केवढं? मी हातानं दाखवलं. डायरी बघू का म्हणाल्या. मी दिली. उभ्या उभ्या पहिल्यापासून वाचली, एका पानावर बराच वेळ थांबल्या. मग मिटून दोन्ही हातांनी परत केली आणि म्हणाल्या, "मावशी, ही नोंद फार उपयोगाची आहे. जपून ठेवा."

ह्यांना सांगितलं, बघा, माझ्या लिहिण्याचा उपयोग झाला.

शुक्रवार, २३ एप्रिल

आज समजलं.

डॉक्टरीणबाईंनी मला, ह्यांना आणि जावईबापूंना समोर बसवून फोटो दाखवला. मेंदूकडं रक्त जातं आणि शिरांतून परत खाली येतं. सायलीच्या परतीच्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ बसलीय. हे म्हणाले, "म्हंजी चारीनं पाणी वावरात येतंय, पर निचऱ्याचा चर बुजलाय." त्या म्हणाल्या, अगदी तसंच. पाणी साचून वावर उपळतं तसा मेंदू सुजलाय, आणि एका जागी रक्तही पाझरलंय. डोकं दुखणं, उलटी, दोन दिसणं, हात जड पडणं, फिट, सगळं त्या एका गाठीचं.

रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू आहे. मी विचारलं, आधीच पाझरलंय तर आणखी पातळ कशाला? म्हणाल्या, चर मोकळा झाला तरच पाझर थांबेल. चार-पाच दिवस धोक्याचे आहेत, हेही स्पष्ट सांगितलं.

मग कारण. बाळंतपणात रक्त जास्त जाऊ नये म्हणून ते आपणहूनच घट्ट व्हायला बघतं, पुढं काही आठवडे. त्यात हिच्या अंगात मुळात रक्त कमी. त्यात एप्रिलचं ऊन, बंद खोली, शेगडी. त्यात पाणी तोडलेलं.

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. वर मलाच समजावलं, "एकट्या पाण्यावर घालता येत नाही, मावशी. काहींना यातलं काहीच नसताना होतं, काहींना सगळं असून होत नाही." त्या बऱ्या मनाच्या आहेत. पण सोळा तारखेचं पान त्यांनी लिहिलेलं नाही, मी लिहिलंय.

शनिवार, २४ एप्रिल

जावईबापू माझ्याशी बोलत नाहीत. चहा आणून देतात आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहतात. रेवतीला वाटीचमच्यानं दूध पाजते. पोर गुणाची आहे, रडत नाही. सायलीला पुन्हा फिट आली.

मी ठरवलंय, रडायचं ते ती बरी झाल्यावर.

मंगळवार, २७ एप्रिल

आज तिनं डोळे उघडे ठेवले आणि मला ओळखलं. नर्सनं उशी उंच करून पेला तिच्या ओठाला लावला. सायलीनं तोंड उघडलं नाही. आधी माझ्याकडं बघितलं. पिऊ का, असं विचारत होती.

आजवर कुणी माझ्या थोबाडीत मारली नाही. आज ते झालं. मी नर्सच्या हातातून पेला घेतला आणि म्हटलं, "पी बाय माझी. पायजे तेवढं पी."

चार पेले झाले.

गुरुवार, २९ एप्रिल

नऊ पेले. उजवा पाय हलतो. बोलताना शब्द चुकतो, वाटीला चमचा म्हणते आणि चिडते.

जावईबापू जिन्यात माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "मामी, बारशाच्या दिवशी तिनं मला सांगितलं हुतं, डोकं फुटायला लागलंय म्हणून. मी म्हणलं, आई सांगतीया तसं कर. माझी गाडी चुकत हुती." मग दोघंही रडलो. मी ठरवलेलं एवढंच टिकलं.

बुधवार, १२ मे, निमोणे

घरी आलो. गोळ्या सहा महिने तरी घ्यायच्या आणि त्यांचं प्रमाण ठरवायला रक्त तपासत राहायचं. फिटच्या गोळ्या वेगळ्या. मूल थांबवायच्या गोळ्या तिनं कधी घ्यायच्या नाहीत, आणि पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच महिन्यात डॉक्टरांना गाठायचं. हे सगळं डायरीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

खोलीची खिडकी गंजली होती. ह्यांनी पहार लावून उघडली. मग मला म्हणाले, "ती डायरी चुलीत घाल. कशाला जवा तवा बघायचं?"

मी घालणार नाही. मी ही सायलीला द्यायची म्हणून धरली होती, तिलाच देणार. एकही पान न फाडता.

शुक्रवार, ४ जून

आठ दिवस घरोघर फिरतेय. ज्यांना ज्यांना मी न्हाऊ घातलं, आणि ज्यांच्या घरी आता कुणी पोटुशी आहे, त्यांच्याकडं. सांगते की पाणी तोडू नका, लाल गोळ्या टाकू नका. बाळंतिणीचं डोकं दुखायचं थांबेना, उलटी व्हायला लागली, एकाचं दोन दिसलं, हातपाय जड पडले तर वारं म्हणू नका. फिट आली तर लिंबू कापत बसू नका, गाडी बघा.

काही जणी ऐकतात. काही जणी पदराआड हसतात. एक तर तोंडावर म्हणाली, "वीस वरीस तूच सांगितलंस पाणी देऊ नका. आता पुण्याचं पाणी प्यालीस तर शाणी झालीस व्हय?" म्हटलं, "व्हय. उशिरा झाले. तू माझ्याआधी हो."

एक घर राहिलंय. त्या दारावरून तीनदा गेले आणि पुढं सरकले.

सोमवार, ७ जून

गेले अनसाबाईंकडं.

त्या जात्यापाशी डाळ निवडत होत्या. मी उभ्यानंच बोलले, बसले असते तर उठवलं नसतं. सायलीचं काय झालं होतं ते सगळं सांगितलं. मग म्हटलं, "नकुशीला बहुतेक हेच झालं आसंल. नक्की कुणी सांगू शकणार न्हाई, फोटू न्हाई निघाला तिचा. पर डोकं तिचंबी दुखत हुतं. आन् शेवटपातुर ती माझ्याकडं पाणी मागत हुती. मावशी, घोटभर, म्हणायची. मी दिलं न्हाई. ती बाधा नव्हती, अनसाबाई."

त्यांचा हात सुपात थांबला. बारा वर्षं ही बाई दर अमावस्येला सुनेच्या नावानं तिकाटण्यावर, तीन वाटा मिळतात तिथं, उतारा ठेवते, तिला धरणाऱ्यानं आता तरी सोडावं म्हणून.

सूप बाजूला सारून म्हणाल्या, "मीबी शिंकाळ्यावर ठेवला हुता तांब्या. तिचा हात पुरू नये म्हणून." आणि मग, "जा तू आता."

वीस वर्षांत त्या घरानं मला पाणी विचारल्याशिवाय कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता. आज विचारलं नाही. बरोबर केलं.

सोमवार, १४ जून

काल अमावस्या होती. तिकाटण्यावर काही नव्हतं. अनसाबाई आठ दिवसांत दारात दिसल्या नाहीत. खरं सांगून मी त्या म्हातारीची उरलेली झोपही घेतली की काय, कळत नाही. सायली म्हणते, सांगितलंस ते बरं केलंस. तिचे शब्द आता फारसे चुकत नाहीत. उजव्या हातानं भाकरी थापली आज. वेडीवाकडी. मी दोन खाल्ल्या.

शनिवार, १९ जून

आसिया काल शिरूरला बाळंत झाली. मुलगा. आज घरी आणलं.

खातूनचा निरोप यायची मी वाट बघत होते आणि येणार नाही असंही धरून चालले होते. जिनं स्वतःच्या लेकीचं असं केलं तिला कोण बोलावणार? निरोप आला, "इतका टाइम का लावती, तेल गार व्हायला लागलंय."

गेले. खोलीत उजेड होता. खिडकी उघडी. आसियाच्या उशाशी पाटावर पितळेचा मोठा तांब्या, काठोकाठ भरलेला, वर फुलपात्र पालथं. असा तांब्या खातूनच्या घरात मी कधी पाहिला नव्हता. उचलून बघितला. बुडाशी नाव कोरलेलं होतं. नकुशीच्या लग्नातला.

खातून म्हणाली, "सकाळी अनसाबाई आल्या हुत्या. आत न्हाई आल्या, दारातनंच दिला. म्हणल्या, धुरपदाला म्हणावं, ह्यातलं मोजू नको."

मी आसियाला न्हाऊ घातलं, बाळाला शेकलं. ती पाणी प्यायली. किती, ते इथं लिहीत नाही.